डाव्या बाजूचे कव्हर

मी एक जुने कव्हर आहे, मित्रांनो. मोटारसायकलच्या इंजिनची डावी बाजू झाकणारे, ॲल्युमिनियमचे. उजव्या बाजूला माझ्यासारखेच दुसरे आहे. आम्ही एकाच कारखान्यात ओतले गेलो, एकाच गाडीवर बसलो. तरी मी आयुष्यभर त्याच्यावर जळत आले.

आमचे मालक टपाल वाटायचे. त्यांनी ही गाडी जुनी घेतली, तेव्हा आम्ही पांढुरके आणि ओरखडलेले होतो. मालकांनी आम्हाला खोलून मागच्या अंगणात वर्तमानपत्रावर ठेवले. मग मला मांडीवर घेतले आणि उजवे मालकीणबाईंना दिले. माझे नशीब तिथेच ठरले.

मालकीणबाई पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर आधी उभा फिरवत. मग त्याहून बारीक पेपर घेऊन आडवा, मागचा एकही ओरखडा दिसेनासा होईपर्यंत. मग आणखी बारीक, पुन्हा उभा. मालकांना एवढा धीर कुठला? जाड पेपरावरून ते थेट पॉलिशवर गेले. मी चमकले, पण ओरखडे खाली तसेच राहिले.

पुढे दर रविवारी गाडी स्टँडवर लावून दोघे दोन बाजूंना पाट घेऊन बसत. मध्ये इंजिन. एकमेकांचे तोंड दिसत नसे, पण कोणाचा कुत्रा अंगावर आला, मुलीची परीक्षा कधी, सगळे बोलणे इंजिनावरून इकडून तिकडे जाई. मालकांची घाई मालकीणबाईंना नुसत्या आवाजावरून कळे.

"अहो, आडवा फिरवा."

"तू तुझी बाजू बघ."

"माझी झाली. तुमचीच बघतेय."

गॅरेजवाला एकदा म्हणाला, उजवे सख्खे आणि डावे सावत्र दिसते. मालक हसून म्हणाले, "उजवं आमच्या मंडळींचं काम." हे बोलताना त्यांचा हात माझ्यावर होता. मला ते फार लागले.

मग मालकीणबाई आजारी पडल्या आणि गेल्या. जाण्याआधीच्या एका रविवारी त्यांनी उजवे शेवटचे घासले होते.

आता अंगणात एकच पाट येई, तोही उजवीकडे. मालक घासत नसत, नुसते बसत. एक दिवस वॉर्निशचा वास आला. मालकीणबाईंनी दिलेली चमक जाऊ नये, म्हणून मालकांनी उजव्यावर बिनरंगी वॉर्निशचे तीन हात दिले. माझ्याकडे कोणी फिरकले नाही. चिखल उडाला, तो तसाच वाळला. मालकीणबाई गेल्याचे दुःख मलाही होते, पण खरे सांगते, हेवा त्याहून मोठा होता.

वर्षभराने मुलगी माहेरी आली. उजव्या बाजूला ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, आतून पांढरे डाग पडलेत. मालक ओल्या अंगठ्याने पुसू लागले. तो आवाज मी ऐकत होते. डाग वॉर्निशच्या खाली होते, ते निघणार कसे? मी मनातल्या मनात हसले. मित्रांनो, आज त्याची लाज वाटते.

मुलीने सांगितले, वॉर्निश उतरवून पुन्हा घासावे लागेल.

"मग तिचा हात जाईल गं," मालक म्हणाले.

मुलगी मग म्हणाली, "बाबा, आई दर रविवारी घासायची. मागच्या रविवारची चमक तिनं स्वतः तरी कधी ठेवली?"

बऱ्याच वेळाने थिनरचा वास आला. मग पेपराचा आवाज. आणि मुलगी दुसरा पाट घेऊन चक्क माझ्या बाजूला बसली. आधी उभा, मग आडवा, मग पुन्हा उभा. तोच हात. पहिल्या दिवसापासूनचे माझे ओरखडे त्या दुपारी गेले.

पलीकडे मालकांची घाई सुरू झाली होती. मुलगी मान वर न करता म्हणाली, "बाबा, आडवा फिरवा."

"तू तुझी बाजू बघ."

"माझी झाली. तुमचीच बघतेय."

पलीकडचा आवाज थांबला. मग पेपर हळूहळू आडवा फिरू लागला.

मित्रांनो, जिच्यावर जीव आहे ती वस्तू लेप चढवून ठेवू नका. तिला हात लावत राहा. घासताना कापड काळे होईल, होऊ द्या.

उजवे अजूनही माझ्यापेक्षा जास्त चमकते का, मला माहीत नाही. मध्ये इंजिन आहे. वर्तमानपत्रावरच्या त्या दिवसानंतर मी त्याला पाहिलेलेच नाही. येताजाता कोणी त्याचे कौतुक केले, तर मात्र अजून थोडे लागते.