चारी बाजूंनी काढलेला नकाशा

मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या कपाटावर पडलेलं ते मळकं भेंडोळं म्हणजे मी. तिसरीच्या मुलांनी मिळून काढलेला, तुमच्याच वस्तीचा जुना नकाशा.

जाहिरातींचे पाठकोरे कागद खळीने चिकटवून बाईंनी मला जमिनीवर अंथरलं. मुलं माझ्याभोवती चारी बाजूंनी पालथी पडली. रोज चालता तीच वाट काढायची आणि दुसऱ्याचं खोडायचं नाही, एवढाच बाईंचा नियम. मग काय विचारता! नळ शाळेपेक्षा मोठा झाला, कारण तिथे जास्त वेळ जायचा. चावऱ्या कुत्र्याची गल्ली सगळ्यांनी मिळून लाल केली. ज्याने त्याने आपल्या बाजूने घरं काढल्यामुळे निम्मी वस्ती डोक्यावर उभी राहिली. मला त्याचं काही वाटलं नाही. भोवती मुलं असली की माझी प्रत्येक बाजू सरळच असायची.

नाल्याकडची बाजू भिंगरीची. एका जागी न बसणारी म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत, पण माझ्यापाशी ती तासन्‌तास बसे.

पुढे पाहुणे येणार म्हणून मुख्याध्यापकांनी मला भिंतीवर टांगलं. वाहवा झाली, आणि खोटं कशाला सांगू, मी फुगून गेलो. पण भिंगरीचं घर उलटं लटकत होतं. ती मान वाकडी करून बघत राही. ते पाहून मला कौतुक गोड लागेनासं झालं.

मग रस्ता रुंद करण्यासाठी नाल्याकाठची घरं पाडली. भिंगरीचे आईवडील बिऱ्हाड घेऊन लांब निघाले. शाळेतल्या तिच्या शेवटच्या दिवशी बाईंनी मला उतरवून तिच्यापुढे पसरलं. तुझं घर कापून देते, घेऊन जा, असं म्हणत त्यांनी कात्री उचलली. कापून घ्यायला कोणाला आवडेल? तरी वाटलं, नेऊ दे पोरीला.

भिंगरीने कात्री बाजूला सारली. "नको बाई, इथंच असू दे. घर नेलं तर परत आल्यावर मी बसू कुठं?"

त्याला बरीच वर्षं झाली. बाई निवृत्त झाल्या. माझी खळ सुटली, कडा झुरळांनी खाल्ल्या. दार वाजलं की अजून जीव वरखाली होतो. मला तिची फार आठवण येते.

मित्रांनो, एकदा मला खाली काढा. धूळ झटका, फाटलंय तिथे चिकटवा, भोवती दाटीवाटीने बसा आणि वस्तीत नवं काय आलं तेही काढा. फक्त नाल्याकडच्या बाजूला एका मुलीपुरती जागा सोडा. ती आता मोठी झाली असेल, हे मला कळतं. तरी सोडा.