चित्राची फाडलेली कड

तळ्याच्या प्रदूषणाची सुनावणी समितीपुढे सुरू झाली तेव्हा मावशीचं चित्र समोरच्या टेबलावर खिडकीकडे तोंड करून उभं होतं. तळ्याचं निळं पाणी, त्यात उतरलेलं आकाश, काठाशी पांढरी कमळं. दोन वर्षांपूर्वी कारखान्याने ते स्वागतकक्षात लावायला घेतलं होतं. आज त्यांनी तेच पुरावा म्हणून आणलं होतं.

व्यवस्थापकांचं म्हणणं सरळ होतं. कारखान्याचं सांडपाणी कितीतरी वर्षं तळ्यात जातंय. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तळं इतकं नितळ होतं, तर आजची हिरवी साय आमची कशी? ती यंदाच्या उन्हाची. सांडपाण्याचा नळ बंद करायचं कारण नाही. समितीच्या अध्यक्षा मान डोलावत होत्या. नळ आज बंद झाला नाही, तर ती घाण काठावरच्या विहिरींत उतरायला उन्हाळाही पुरा लागणार नव्हता.

खरी गोष्ट मला आठवड्यापूर्वी कळली होती. मावशी रंग कालवायला घरून पाणी नेत नाही. ज्याचं चित्र त्याचंच पाणी, हा तिचा जुना हट्ट. चित्र वाळलं की फूटपट्टी लावून ती चारी कडा फाडते आणि त्या पट्ट्या रंग तपासायला खणात टाकते. त्यांतल्या काही मी माझ्या प्रयोगशाळेत नेल्या. "भिंगवाली आता माझा कचराही तपासणार," मावशी म्हणाली. तळ्याच्या पाण्यात काचेसारखं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ असतं. पाणी उडून गेलं तरी कवचं कागदात राहतात. स्वच्छ पाण्यातली जात वेगळी, सांडपाण्यात माजणारी वेगळी. कारखान्याआधीच्या जुन्या पट्ट्यांवर पहिली होती. या चित्राच्या पट्टीवर दुसरी, नुसती खच्चून भरलेली.

म्हणजे तळं तेव्हाच नासलं होतं, आणि मावशीने ते निळं रंगवलं होतं.

हे सांगितल्यावर तिने ब्रश धुवायला घेतला आणि बराच वेळ धुतच राहिली. समोर दिसेल तेच काढणारी बाई, अशी तिची ख्याती. तिच्याकडे शिकायला येणारे त्यासाठीच येत. समितीपुढे बोलशील का, असं विचारलं तर म्हणाली, बघू.

मी माझी तपासणी समितीला समजावून दिली. व्यवस्थापक हसले. अशी पट्टी कुठल्याही कागदाची असू शकते, म्हणाले. अध्यक्षांनी चौकट उघडायला सांगितली. काच फुटेल, असं व्यवस्थापक पुटपुटले, पण शिपायाने मागचे खिळे काढलेही. मी पट्टी चित्राच्या डाव्या कडेला टेकवली. बसेना. उलटी केली, तरी बसेना. खोलीत कोणीतरी घसा खाकरला.

मावशी उठली. माझ्या हातातून पट्टी घेऊन तिने ती खालच्या कडेला लावली. फाटलेले तंतू एकमेकांत बसले आणि निळ्या रंगाचा ओघळ चित्रातून पट्टीत सलग उतरला.

"मग तर प्रश्नच मिटला," व्यवस्थापक म्हणाले. "निळंच आहे ना? यांनाच विचारा, काय पाहिलं ते."

अध्यक्षांनी विचारलं. मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही.

"हिरवं होतं," ती म्हणाली. "नाकाला रुमाल बांधून बसले होते. आयुष्यभर निळं काढलं होतं, हात दुसरं काढायला तयार होईना. निळा रंग माझ्या ट्यूबमधला आहे, पाणी तळ्यातलं. भाचीने पाणी तपासलंय."

अध्यक्षांनी पट्टीचं टोक बोटाने दाबून पाहिलं, मग नळाला आजच सील लावण्याचा आदेश लिहायला घेतला.

निघताना व्यवस्थापकांनी रागानेच विचारलं, आता या चित्राचं काय करायचं. मावशीने पिशवीतून पेन्सिल काढली, उघड्या चौकटीवर वाकली आणि आपल्या सहीखाली बारीक अक्षरांत लिहिलं: पाणी हिरवं होतं.

"आता लावा भिंतीवर," ती म्हणाली.