माझे सेल त्याच्या पोटात

मित्रांनो, ॲथलोन या आयरिश गावातल्या एका घरात, स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, मी पडून असतो. मी जुना स्कॅनर. वायरलेसवरचं बोलणं हवेतून पकडायचं आणि ऐकवायचं, हे माझं काम. माझा जन्म जपानमधला. टेलिकॉम इंजिनिअर असलेल्या गिरीशने मला इथल्या एका म्हाताऱ्या नावाड्याकडून घेतलं. शॅनन नदीवरच्या बोटी, वरून जाणारी विमानं, आसपासच्या गावांच्या बस, सगळ्यांची बोलणी मी ऐकवत असे. गिरीशची छोटी मुक्ता मला कानाशी धरून खुदुखुदू हसायची. तेव्हा त्या घरात माझीच चलती होती.

मग बसवाल्यांनी ट्रंकिंग नावाची पद्धत आणली. चॅनेल थोडेच, ते सगळ्यांनी वाटून घ्यायचे. बोलणं जो चॅनेल मोकळा असेल त्यावर उडी मारतं, आणि ते कुठे गेलं हे एकटा कंट्रोल चॅनेल सांगतो. मला त्याची भाषाच कळेना. अर्धं वाक्य ऐकवून मी गप्प व्हायचो.

गिरीशने नवा स्कॅनर आणला. रंगीत पडद्याचा, चकचकीत. कंट्रोल चॅनेल, बसच्या गटांचे नंबर, असं सगळं तो त्याच्यात भरत बसला. तरी नवा मुकाच! मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात मुक्ता डोकावली.

"डॅडी, दॅट्स द राँग ग्रुप. यू स्वॉप्ड द नंबर्स."

"अगं हो की!"

आकडे बदलले आणि नवा घडाघडा बोलू लागला. बोलणं कुठेही उडी मारो, हा त्याच्या मागे. मुक्ताने त्याला थोपटलं. "यू'र ग्रँड, सो यू आर!" मला कधी कुणी ग्रँड म्हटलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला.

जानेवारीत वादळ आलं. वीज गेली, फोन बंद पडले. मुक्ताची आई वृंदा टलामोरच्या रुग्णालयात डॉक्टर आहे. ती बसने घरी यायला निघालेली होती. रस्त्यावर झाड कोसळलंय, असं तिच्या बसचा ड्रायव्हर नव्यावर सांगत होता, आणि नव्याचा पडदा विझला. त्याचे सेल संपले.

गिरीशने मला उचललं. आली माझी पाळी, असं मला वाटलं. पण त्याने माझं झाकण उघडलं, माझे सेल काढले आणि नव्याच्या पोटात घातले.

खोटं कशाला सांगू? वृंदाची काळजी मलाही होती. तरी मनात आलं, बंदच पडू दे याला.

तो बंद पडला नाही. बस झाडाच्या अलीकडेच थांबली होती. प्रवासी सुखरूप होते, जवळच्या शाळेत बसले होते. निरोप त्याने शब्द न् शब्द ऐकवला. मुक्ता रडत बापाला बिलगली.

सकाळी वृंदा आली. "तुम्हाला कळलं तरी कसं?"

"याच्यामुळे!" गिरीशने नव्याकडे बोट दाखवलं. वृंदाने त्याच्यावरून प्रेमाने हात फिरवला. मी शेजारीच होतो, झाकण उघडं, पोट रिकामं.

मित्रांनो, नवं जरूर आणा. त्याचं कौतुकही करा, मी जळेन ते जळेन. पण जुन्याच्या पोटातलं काही काढून घेतलंत, तर काम झाल्यावर परत ठेवा. निदान झाकण तरी लावा.