गंज काढला का?

मित्रांनो, मी एक जुना गंज आहे. लोखंडावर चढतो तो नव्हे! आमच्या नांदुऱ्याकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. मी जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. ह्या नावापायीच एकदा माझ्या जिवावर बेतलं होतं.

आशाबाईंनी मला खामगावच्या बाजारातून आणलं. गल्लीत कुणाचं बारसं असो की साक्षगंध, मला बोलावणं ठरलेलं. 'आशाबाईच्या गंजात भात खाली लागत नाही,' असं बायका म्हणत, तेव्हा मी फुलून जायचो. पुढे हॉटेलची पार्सलं घरी येऊ लागली आणि मी माळ्यावर गेलो. कोळ्यांनी माझ्यात संसार थाटला. फार वाईट वाटायचं.

मागच्या महिन्यात आशाबाईंचा मुलगा शिवम पुण्याहून कायमचा घरी आला. सोबत बायको प्रेरणा आणि छोटी समता. समता पुस्तक अगदी नाकाला लावून वाचायची. तिच्या चष्म्यासाठी प्रेरणाने डब्यात तीन हजार रुपये जपून ठेवले होते. सोमवारी खामगावला डॉक्टरांकडे जायचं होतं, आणि रविवारी समताचा वाढदिवस आला.

"पंचवीस पोरं येतील. बर्गर आन् कोल्ड्रिंक मागवू," शिवम म्हणाला. "एकाचे एकशेवीस. तीन हजारात काम खल्लास!"

"आणि चष्मा?"

"पुढच्या महिन्यात करू ना. घरचा भात वाढला तर पोरं हसतील तिले."

प्रेरणाचं तोंड एवढंसं झालं. चष्मा असाच दोनदा पुढे गेला होता. तिने मलकापूरला लेकीकडे गेलेल्या सासूबाईंना फोन लावला. "त्याले म्हण, थांब जरा. तू गंज काढून ठेवजो. मी येऊनच राह्यली," म्हणून आशाबाईंनी फोन ठेवला.

प्रेरणा पडली पुण्याची. तिने विळीचा गंज काढला, कढईचा काढला, खिडकीचे गजसुद्धा घासले. त्याच झपाट्यात माळा आवरला आणि दारात आलेल्या जानराव भंगारवाल्याला मला देऊन टाकलं. त्याच्या गाडीत मोडक्या पंख्याशेजारी मी पालथा पडलो. आता भट्टीत वितळणार, हे मी ओळखलं.

तेवढ्यात तिकडे घरी आशाबाई आल्या. तिथलं बोलणं मला नंतर कळलं.

"गंज काढला काय?"

"हो आई. बघा, विळी कशी चकचकीत झालीय."

आशाबाई विळीकडे पाहतच राहिल्या. मग त्यांनी माळ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अवं बाई, आपलं मोठं पातेलं म्हंतो मी!"

"ते तर मी भंगारात दिलं!" म्हणता म्हणता प्रेरणाला रडूच फुटलं. शिवमने मोबाइल काढला. "आता कशात शिजवता? देतो मी ऑर्डर. समता, बाहेर भंगारची गाडी दिसते काय, पाह्य बरं."

समता दारात आली. आमची गाडी तिच्या समोरच, गल्लीच्या तोंडाशी नळापाशी उभी होती. जानराव पाणी पीत होते. समताने डोळे बारीक करून थेट माझ्याकडे पाहिलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण गंजाला कुठली वाचा!

"नाही दिसत, पप्पा. गेली वाटतं."

मोबाइल कानाला लावूनच शिवम दारात आला. त्याला गाडी दिसली. त्याने गाडीकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. पलीकडून कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं. त्याने फोन बंद केला आणि अनवाणीच धावत सुटला.

"न्या राजेहो," जानराव हसून म्हणाले. "पोरीचा वाढदिवस हाय म्हंता, तर न्या."

संध्याकाळी मी पुन्हा शेगडीवर चढलो. मसालेभात आणि शिरा मिळून हजाराच्या आत भागलं. घरच्या बायकांच्या राबण्याची किंमत त्यात कुणी धरत नाही, पण त्या दिवशी कांदे शिवमने चिरले. एक पोरगा बर्गर नाही म्हणून रुसून बसला होता. त्यानेच तीनदा भात मागून घेतला.

मित्रांनो, बाहेरचं कधीमधी जरूर खा. पण मागवण्याआधी एकदा आपल्या माळ्यावर नजर टाका, आणि घरी रांधायचं ठरलं तर चिरायला तुम्हीही बसा. मी आता खालच्या फळीवर असतो. परवा नवा चष्मा लावून समता माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, आपल्या गंजावर तुझं नाव आहे! मला आजवर दिसलंच नव्हतं."