ड्रिल घ्यावं की इम्पॅक्ट

माझ्या लेकाच्या मनगटात लोखंडाची पट्टी आहे. सहा स्क्रू लावून बसवलेली. जन्मभर लोकांच्या स्वयंपाकघरात स्क्रू पिळले, शेवटी डॉक्टरने त्याच्याच हाडात पिळले. पण हे मी पाच महिने कुणाला कळू दिलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "धम्मानंदाचा हात ना? ठणठणीत आहे. तुमच्या गुडघ्याचं बघा."

धम्मानंद मॉड्युलर किचन बसवतो. भिंतीला भोकं पाडायची, वरची कपाटं टांगायची, बिजागऱ्या लावायच्या. उन्हाळ्यात गाडी घसरली आणि उजवा हात खाली आला. तेव्हापासून घरातच. ताटावर बसायचा, दोन घास खायचा आणि भिंतीकडे बघत राहायचा. गेल्या महिन्यात त्याने आपली अवजारांची पेटी भंगारवाल्याच्या हातगाडीवर नेऊन ठेवली. सून दीपमाला अनवाणी धावली आणि परत घेऊन आली. मी ओरडले, तर मला म्हणतो, "माय, हात नसलेला कारागीर काय कामाचा? त्याला बी देऊन टाका भंगारात."

त्या दिवसापासून मी त्याला गच्चीवर एकटं जाऊ दिलं नाही.

आणि काल उदयसाहेबांचा फोन आला. हे ठेकेदार. उद्या सकाळी आठला, हैदराबादच्या पार टोकाला कुकटपल्लीत, एक किचन बसवायचं, संध्याकाळपर्यंत पुरं करायचं. जमलं तर धम्मानंद पुन्हा कामावर, नाही तर त्याची जागा दुसऱ्याला. पाच महिने वाट बघितली, आणखी बघणार नाही म्हणाले. त्यांचंही खरं होतं.

जुनी वायरची ड्रिल मशीन घरात होती, पण धोंड्यासारखी जड. म्हणून आज सकाळी आम्ही तिघं ती पिशवीत घालून बेगम बाजारात बबलूभाईच्या दुकानात गेलो. जुनी मशीन ठेवून घेऊन तो बॅटरीवरची नवी देणार होता. एकाला एक, दुसरी मागायची नाही, हे त्याने आधीच बजावलं होतं.

त्याने दोन मशिनी काचेवर ठेवल्या. एक ड्रिल, एक आखूड थोबाडाची.

"ये इम्पॅक्ट ड्रायव्हर है, अम्मा. स्क्रू मारने का. ठोके मार-मारके पिळती, हात को झटका नै देती. पन दीवार में सुराख नै करती. ड्रिल दोनों काम करती, पन अटकी तो हात मरोडती. भय्या के हात में कुछ तकलीफ है क्या?"

"तकलीफ तुझ्या तोंडाला आहे," मी म्हणाले. "माझ्या लेकाने अर्ध्या हैदराबादची कपाटं टांगली आहेत."

"हौ अम्मा, हौ," तो हसला.

धम्मानंदने ड्रिलच उचललं. "हेच. एकट्यानं काम करायचं तर भोकं बी पाडावी लागतात, स्क्रू बी." बबलूभाईने पुढे टाकलेल्या लाकडाच्या फळीत त्याने दोन भोकं पाडली. लोण्यात सुरी जावी तशी. दीपमालाचा चेहरा उजळला. पाच महिन्यांनी माझ्या लेकाच्या कपाळावरची आठी सुटली होती. तेवढ्यावर घेऊन घरी यायला हवं होतं मी.

पण बबलूभाईचा प्रश्न माझ्या डोक्यात सलत होता. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही ऐकत होती.

"फळीत काय, पोरं बी पाडतात," मी म्हणाले. "भिंतीचं दाखव यांना."

दुकानाबाहेर पाडलेल्या गाळ्याचा ढिगारा होता. त्यातला काँक्रीटचा एक जाड तुकडा मीच पायाने सरकवला. वीस वर्षं मी या शहरात स्लॅबचे लोखंडी गज बांधले आहेत, डोक्यावरून माल वाहिला आहे. तुकडा बघून आत गज कुठे असेल हे मला कळायला हवं होतं. मी बघितलंच नाही. माझं लक्ष त्या दोन गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे होतं.

धम्मानंदने माझ्याकडे बघितलं. नको म्हणत होते त्याचे डोळे.

"पाड की," मी म्हणाले.

त्याने मशीन टेकवली. धूळ उडाली, मशीनचं टोक बोटभर आत गेलं, आणि आतल्या गजाला लागून अडकलं. टोक थांबलं, मशीन फिरली. त्याचा हात तिच्यासोबत फिरला. त्याच्या तोंडातून असा आवाज निघाला की रस्त्यावरचा रिक्षावालाही थांबला. मशीन खाली पडली आणि तो मनगट पोटाशी धरून दुकानाच्या पायरीवर बसला. घाम. ओठ पांढरे.

दीपमाला त्याच्याजवळ बसली. मी उभीच राहिले.

बोटं हलत होती, दीपमालाने चाचपून पाहिलं तर पट्टीही जागेवर होती. दुखणं उतरलं तसा तो हळूच म्हणाला, "माय, चल घरी. काही घेऊ नको. उदयसाहेबांना सांगून दे, दुसरा बघा म्हणावं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला चाललं असतं.

दीपमाला उठली. पिशवीतून जुनी वायरची मशीन काढली. "ही देऊ नका, आत्याबाई. यांना ती इम्पॅक्ट घ्या. स्क्रू हे मारतील. भिंतीची भोकं मी पाडते."

"तू?"

"हिला बाजूची मूठ आहे. दोन्ही हातांनी धरता येते."

"साइटवर जाशील? माझ्या घरची बाई?" मी कडाडले. "सातव्या महिन्यात हा पोटात असताना मी घमेलं वाहिलं. मुकादम अंगचटीला यायचा, पाणी प्यायला वेगळा डबा होता. तुझ्या सासऱ्याच्या, श्रीपतीच्या चितेजवळ बोलले होते मी, माझी सून सिमेंटला हात लावणार नाही. तुझे बारावी शिकलेले हात..."

"आत्याबाई, मग त्यांना घरी घेऊन चला," ती म्हणाली. "आणि गच्चीचं दार तुम्हीच राखा. मला आता राखवत नाही."

अशी कधी बोलली नव्हती ती माझ्याशी. थोबाडीत मारावीशी वाटली, आणि तिच्या पाया पडावंसंही.

"माय, तिला नको," धम्मानंद पायरीवरून म्हणाला. "गज लागला तर तिचा बी हात..."

"लागतोच," मी म्हणाले. "लागला की बटण सोडायचं. हिसकायचं नाही." मी जुनी मशीन दीपमालाच्या हातात दिली, डावा हात मुठीवर बसवला, कोपर अंगाशी दाबलं. "अशी उभी राहा. एक पाय मागे. हात ताणून धरलास तर मोडेल." बबलूभाईने न सांगता वायर लावून दिली. तिने त्याच तुकड्यात, गजापासून चार बोटं लांब, भोक पाडलं. वाकडं होतं. पार गेलं.

"इम्पॅक्ट दे," मी बबलूभाईला म्हणाले.

"अम्मा, पुरानी मशीन नै दिए तो अदलाबदल कैसा?"

तेव्हा मी त्याला सांगितलं. पट्टी, सहा स्क्रू, पाच महिने, गच्ची. सगळ्या दुकानादेखत. ती दोन गिऱ्हाइकं अजून उभीच होती. बबलूभाईने डोकं खाजवलं, आत गेला, आणि कुणाची तरी वापरलेली इम्पॅक्ट घेऊन आला. "ये ऐसेच लेव. नवी नै मिलती."

धम्मानंदने ती हातात घेतली. फळीत एक स्क्रू मारला. टक-टक-टक करत गेला. त्याने आणखी एक मारला. मग डोळे मिटून घेतले.

उदयसाहेबांना फोन मीच लावला. "साहेब, पंचफुला बोलते, धम्मानंदची माय. त्याच्या मनगटात पट्टी आहे. भोकं पाडणं होत नाही त्याला. उद्या सून सोबत येईल, भोकं ती पाडेल. चालत असेल तर सांगा. नसेल तर आताच सांगा, उद्या दारातून परत पाठवू नका."

"किचन मात्र संध्याकाळीच पाहिजे मला," ते म्हणाले. "आणि बाईंना पदर, ओढणी असलं काही घालून येऊ देऊ नका. मशीनमध्ये गुंतते."

मी दीपमालाकडे बघितलं. ती साडीवरची धूळ झटकत होती. धम्मानंद पायरीवरून उठला आणि तिच्या दोन्ही हातांची बोटं एकेक करून दाबून बघायला लागला.

"दुखतं का?" तो विचारत होता. "इथं? खरं सांग."