पुढचं सांगायचं नाही

डॉन ओरोस्मान, म्हणजे आपल्याकडचे ओरोस्मानराव, याचा सगळा जन्म माँटेविडिओच्या बसमध्ये लोकांची तिकिटं तपासण्यात गेला. ज्याच्याकडे तिकीट नसतं तो खिडकीबाहेर फार बघतो, हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. निवृत्तीनंतर बस सुटली, नजर काही सुटली नाही. पाववाल्यावर संशय, वरच्या मजल्यावरच्या बाईवर संशय, रेडिओवर हवामान सांगणाऱ्यावर तर दुप्पट संशय. बायको वारल्यावर घरात संशय घ्यायला एक मुलगीच उरली. इलेआना तिचं नाव. कामाला जायची, घर सांभाळायची, सकाळी बापासाठी माते, म्हणजे भोपळ्याच्या पेल्यातला कडवट पाल्याचा चहा, करून द्यायची, आणि बापाचं खवचट बोलणं हसण्यावारी न्यायची.

म्हणून तिनं आणि खालच्या मजल्यावरच्या गास्तोननं मिळून एके दिवशी टेबलावर सात जाडजूड पुस्तकं आणून ठेवली, तेव्हा म्हाताऱ्याच्या मनात पाल चुकचुकली.

हा गास्तोन दर रविवारी त्रिस्तान नार्वाहाच्या बाजारात जुन्या पुस्तकांचा ठेला लावायचा. राजे, चेटक्या, ड्रॅगन असल्या लांबलचक कादंबरीमालिका हा त्याचा खास प्रांत. त्याची एक गंमत होती. काय वाचायला आवडतं, असं तो गिऱ्हाइकाला कधी विचारायचा नाही. वय काय, घरी कोण असतं, सकाळचं माते कोण करतं, असलं काहीबाही विचारायचा आणि मग मान डोलवत एखादी मालिका हातात ठेवायचा. पुस्तक परत घेऊन आलेला माणूस बाजारात कुणी पाहिला नव्हता.

"मला ड्रॅगन?" डॉन ओरोस्मान म्हणाला. "या वयात?"

"यात ड्रॅगन एकच आहे, तोही पेन्शनीत निघालेला," गास्तोन म्हणाला. "सात दीपगृहांची गोष्ट आहे. नाही आवडली तर परत द्या, पैशांचं नंतर बघू."

पैशांचं नंतर? बाजारातला माणूस पैशांचं नंतर बघू म्हणतो? शिवाय पठ्ठ्यानं एकच माते घेऊन लगेच आभार मानले, म्हणजे आता आणखी नको, निघतो. इतकी कसली घाई? दोन वेळा काडीमोड झालेल्या या टकल्याचा आपल्या पोरीवर डोळा आहे, असं म्हाताऱ्यानं पक्कं ठरवलं आणि पहिला भाग उघडला तो केवळ यातली खोच शोधायला.

खोच बाजूला राहिली आणि दुपारी मातेसाठी थर्मासात भरलेलं पाणी गार झालं तरी गडी हलला नाही. कबूल मात्र केलं नाही हं त्यानं! जेवताना एवढंच विचारलं, की पुस्तकातली ती एकडोळी नावाडीण जगते का शेवटी. इलेआनानं ही मालिका आधीच वाचलेली. तिनं ओठ घट्ट मिटले. म्हाताऱ्यानं जिन्यात गाठून गास्तोनला विचारलं, तर तोही हात जोडून मोकळा. म्हणे, हे वाचणाऱ्यांचा एकच धर्म, पुढचं सांगायचं नाही. दोघं एका माळेचे मणी!

पण खरं बिनसलं ते वेगळ्याच दिवशी. म्हातारा बाहेरून लवकर परतला, तेव्हा ही दोघं स्वयंपाकघरात होती. दारातूनच त्याला इलेआनाचा आवाज ऐकू आला, "त्याला पलीकडे पोचल्यावरच कळवू. आधी कळलं तर म्हातारा अडवेल. आणि अडवलं तर मी जायचीच नाही."

तो आत शिरला.

"कसलं बोलणं चाललं होतं?"

"पुस्तकातलं," इलेआना म्हणाली. "सातव्या भागातलं. राजकन्या आणि तो म्हातारा राजा. तू तिथवर आला नाहीस, पापा."

गास्तोन खिडकीबाहेर बघत होता. आता त्या खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत सोडून काहीही नव्हतं.

त्या दिवसापासून डॉन ओरोस्मान मनात एकच मोजणी करत राहिला. त्यांच्या इमारतीत कुणाची पोरं राहिली होती? तिसऱ्या मजल्यावरच्यांचा मुलगा समुद्रापलीकडे विगोला, समोरच्यांच्या दोन्ही मुली बार्सेलोनाला. रविवारी मागे उरलेली माणसं फोन बाटलीला टेकवून ठेवायची आणि त्याच्यासमोर बसून राव्हियोली खायची. म्हाताऱ्याला ते बघवायचं नाही. इलेआनाला सरळ विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, आणि त्यालाच तो भ्यायला होता. त्यापेक्षा पुस्तक तपासावं. पुस्तकात राजकन्या समुद्रापलीकडे जात असेल, तर पोरगी खरं बोलली. नसेल तर...

मग काय, तो वाचत सुटला. आणि चौथ्या भागात राजा मेला. चांगला अंथरुणावर, उशाला सगळा गोतावळा असताना.

"राजा मेला," त्यानं सकाळी माते पिता पिता सांगितलं.

"हो, वाईट झालं," इलेआना म्हणाली.

"मग सातव्या भागात राजकन्येला अडवणार कोण?"

इलेआना पावाच्या तुकड्याला दुधाचा गोड खवा लावत होती, ती लावतच राहिली. "या पुस्तकांत मेलेला माणूस मेलाच असं धरायचं नसतं, पापा," ती शेवटी म्हणाली.

हे मात्र खरं होतं. दुसऱ्या भागात मेलेला एक जण तिसऱ्यात परत आलाच होता. म्हाताऱ्याला तेवढा आधार पुरला. पाचवा भाग संपला, सहावा संपला. राजा काही उठला नाही. सातवा भाग त्यानं हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि न उघडता टेबलावर ठेवून दिला.

रविवारी थर्मास काखेत मारून तो बाजारात गेला. भाज्या, पोपटांचे पिंजरे, जुने नळ यांतून वाट काढत गास्तोनच्या ठेल्यापाशी येऊन उभा राहिला.

"एक मालिका सुचव," तो म्हणाला. "मला नको, एका ओळखीच्याला हवी आहे."

गास्तोननं नेहमीची चौकशी सुरू केली. वय? माझ्याएवढं. घरी कोण असतं?

"एक मुलगी," म्हातारा म्हणाला. "ती समुद्रापलीकडे चाललीये. त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही."

पुस्तकं रचता रचता गास्तोनचा हात थांबला. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस त्यानं ओळखला. डॉन ओरोस्मान त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिला. आता हा पोपटांकडे बघेल, नळांकडे बघेल, असं त्याला वाटत होतं. देवा, बघू दे, खोटंच बोलू दे, असंही वाटत होतं. पण गास्तोननं नजर हलवली नाही.

"सकाळचं माते कोण करतं?" त्यानं हळूच विचारलं.

"तीच."

"डॉन ओरोस्मान, अशा माणसाला मी सात दीपगृहंच दिली असती."

"का?"

"लांब आहेत म्हणून. तिनंही मला तेवढंच सांगितलं होतं, पुष्कळ दिवस पुरेल असं काहीतरी दे."

म्हाताऱ्याला राग यायला हवा होता. आला नाही. तो थर्मास सांभाळत घरी आला.

इलेआना दारातच उभी होती. बाजारातून फोन आला असणार, चेहराच सांगत होता. "पापा," ती म्हणाली, "मला तुला एक सांगायचंय."

त्यानं पंजा वर केला, चालत्या बसमध्ये करायचा तसा.

"पुढचं सांगायचं नाही. मी अजून तिथवर आलो नाही."

तिला रडू फुटलं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण ऐकून मात्र घेतलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. सातवा भाग टेबलावर तसाच पडून राहिला. पलंगाखाली एक नवी बॅग आली, ती त्यानं पाहिली नाही. कपाट रिकामं होत गेलं, तेही पाहिलं नाही. सगळ्या शहराची तिकिटं तपासलेला माणूस आपल्याच घरात आंधळा झाला होता. पण आपण बघितलं नाही म्हणून थांबा यायचा थोडाच राहतो?

निघायच्या दिवशी सकाळी त्यानं स्वतः माते केलं. कडू झालं. इलेआना सगळं प्यायली आणि तिनं आभार काही मानले नाहीत, पुन्हा भर म्हणून भोपळा पुढे केला. टॅक्सी आल्यावर त्यानं टेबलावरचा सातवा भाग उचलला आणि तिच्या हातातल्या पिशवीत कोंबला.

"हे काय? तू वाचला नाहीस?"

"नाही."

"मग शेवट कसा कळणार तुला?"

"तू सांग," तो म्हणाला. "तिकडून रोज थोडं थोडं वाचून दाखव. मी माते घेऊन फोनपाशी बसत जाईन." मग तो जरा दरडावूनच बोलला, "आणि मधली पानं गाळायची नाहीत. मला कळतं."

इलेआनानं मान हलवली. विमानतळ येईपर्यंत दोघंही आपापल्या खिडकीबाहेर बघत होती.