मी माणूस खाल्ला नाही

मी मशीन बोलतेय. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत, तळमजल्याच्या एका गाळ्यात उभी असलेली पास्त्याची मशीन. आजवर मी नुसती घरघर केली. पण आता गाळ्यात, बाहेरच्या चहाच्या टपरीवर, सेक्टरमधल्या सोसायट्यांत एकच बोलणं चाललंय, की ह्या मशीनने माणूस खाल्ला. म्हणून तोंड उघडलंय. मी कुणाला खाल्लं नाही. ऐकायचं असेल तर पूर्ण ऐका, अर्ध्यावर उठून जाऊ नका.

आमचे मिहिरशेठ गिऱ्हाइकांना सांगतात, मी इटलीची. थाप आहे. मी वसईची. पत्र्याच्या एका शेडमध्ये दोन वेल्डरनी शिव्या देत देत मला उभं केलं. इटलीहून आला तो फक्त माझा साचा, थाळीएवढा, भोकाभोकांचा. तेवढ्या थाळीवर शेठ मला परदेशी म्हणून मिरवतात. मला वसईची असल्याची लाज वाटत नाही. लाज वाटावी असं मी काही केलेलंच नाही.

माझं काम सोपं आहे. डोक्यावर एक टाकी आहे. तिच्यात रवा आणि पाणी पडतं. टाकीत एक आडवा दांडा फिरतो, त्याची पाती रवा कालवतात. मग खालचं जाड मळसूत्र तो रवा दाबत दाबत साच्यापर्यंत नेतं आणि भोकांतून पास्ता बाहेर येतो. कधी नळ्या, कधी शंख. बाहेरचं पातं तो कापतं, तो ट्रेमध्ये पडतो आणि वाळवणीच्या खोलीत जातो.

टाकीवर झाकण आहे. त्या झाकणाला दोन स्क्रूंनी एक लोखंडी जीभ बसवलेली असते. झाकण बंद केलं की ती जीभ माझ्या कडेच्या खाचेत शिरते, आतला स्विच दाबला जातो, आणि तेव्हाच मला वीज मिळते. झाकण उचललं की जीभ बाहेर आणि मी जागच्या जागी गप्प. वसईच्या वेल्डरनी मला हे शिकवूनच पाठवलं होतं. माझी सगळी अक्कल त्या खाचेत आहे. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे विसरले.

मला चालवायचा सुयोग. मालवणाकडचा मुलगा, आई जानकी आणि धाकटा भाऊ नितेश यांच्यासोबत इथेच सेक्टरमध्ये राहायचा. उंच, किडकिडीत, कानात कायम एक वायर. सकाळी आला की माझ्या अंगावर थाप मारायचा. “काय गं, झोप झाली का?” दुसरं कुणी मला असं विचारलं नाही. शेठ विचारायचे ते फक्त “माल किती निघाला?”

रवा बरोबर भिजलाय की नाही हे त्याला हातानेच कळायचं. मूठभर घ्यायचा, दाबायचा. गोळा झाला पाहिजे, आणि बोटाने ढकलल्यावर फुटला पाहिजे. नाही फुटला तर पाणी जास्त. गोळा झालाच नाही तर कमी. “आईपण करंजीसाठी रवा भिजवताना हेच बघते,” असं म्हणायचा.

तुटका पास्ता तो घरी न्यायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने आईची नक्कल केली. “‘ह्यां कसला रे? ना चव ना ढव. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात घातलंय, मगे कायतरी लागला!’” पॅकिंगला बसणाऱ्या मालनताईंना हसता हसता ठसका लागला. नितेश म्हणाला, “दादा, इटलीवाल्यांनी ऐकलं तर केस टाकतील.”

नितेश तेव्हा ट्रे उचलायच्या कामाला होता. आठवीत शाळा सोडली होती. कुठेच टिकत नव्हता म्हणून सुयोगने इथे आणला. डोक्याने तापट. ट्रे आपटायचा, रतन फिटरशी भांडायचा, पण दादाने नुसतं “ए” म्हटलं की गप्प.

मग रव्याची बारीक भुकटी माझ्या त्या खाचेत जाऊन बसायला लागली. झाकण बंद असलं तरी स्विच दाबलाच जाईना. मी मध्येच थांबायची. थांबले की मळसूत्रात पीठ घट्ट व्हायचं, मग उघडा, खरवडा, पुन्हा सुरू करा. वाळवणीची खोली रिकामी राहायची. सुयोगने शेठना सांगितलं, नवा स्विच लागेल.

“मागवतो,” शेठ म्हणाले.

पुन्हा सांगितलं. “अरे, मागवलाय ना.”

तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कुठल्या तरी मोठ्या हॉटेलवाल्याची ऑर्डर होती आणि मी सकाळपासून सारखी अडत होते. शेठ माझ्याजवळ येऊन उभे राहिले. “सुयोग, कसं करायचं ते तू बघ. संध्याकाळी ट्रे भरलेले पाहिजेत.”

सुयोगने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. झाकणावरची जीभ सोडवली आणि माझ्या खाचेत जोर लावून कायमची खोचून दिली. झाकण एका बाजूला, जीभ दुसऱ्या बाजूला. मला वाटलं, झाकण बंद आहे. मला वीज मिळाली, मी फिरू लागले. आता टाकी उघडी असली तरी मी झाकण बंद समजून चालणार. शेठनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “झकास!”

मालनताई तिथे होत्या. रतन होता. नितेशही होता, दोन्ही हातांत ट्रे घेऊन.

त्या दिवसापासून मी अडले नाही. माल धडाधड निघायला लागला. सुयोग मला न थांबवता झाकण वर करायचा, हातमोज्यासकट हात घालायचा, मूठभर रवा घ्यायचा, दाबून बघायचा. रोज. दसऱ्याला शेठनी माझी पूजा केली. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, सगळीकडे हळदकुंकू लावलं. खाचेतल्या त्या जिभेवरही एक बोट लावलं. कुणाला काही वाटलं नाही. मला वाटलं, पण मला कोण विचारतंय?

आणि मग एका दुपारी त्याच्या हातमोज्याचा सुटलेला धागा पात्यात अडकला.

पुढचं मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की मी थांबले नाही. का थांबेन? माझ्या लेखी झाकण बंद होतं. लाल बटण दाबलं ते मालनताईंनी, किंचाळत धावत येऊन. वाळवणीच्या खोलीतून नितेश आला तेव्हा मी थांबलेली होते आणि सुयोगही. दवाखान्यापर्यंत नेलं, पण उपयोग झाला नाही.

पोलीस आले. त्यांनी टाकीत वाकून पाहिलं, कडेच्या खाचेत नाही पाहिलं. कारखाने तपासणाऱ्या सरकारी बाई येऊन जाईपर्यंत मशीनला हात लावू नका, असं बजावून गेले.

तेवढ्यात सगळ्यांनी ठरवून टाकलं. मशीन भुकेली होती. मशीनला नजर लागली. मशीनचा पाय वाईट. मला तर पायच नाहीत, चार बोल्ट आहेत.

सुयोगचं बारावं झालं आणि दुसऱ्या दिवशी शेठनी माझी शांती ठेवली. गुरुजी आले, पाट मांडला, कोहळा आणला. सरकारी बाई दुपारी येणार होत्या. गुरुजींचं “स्वाहा” चाललेलं असताना नितेश दारातून आत शिरला. हातात सब्बल. दाढी वाढलेली, डोळे लाल.  सरळ माझ्याकडे आला आणि दोन्ही हातांनी सब्बल माझ्या झाकणावर घातली.

झाकणाला खड्डा पडला. गुरुजी पाटावरून उठले.

“अजून मार!” मालनताई ओरडल्या. “मार ना! तुझा भाऊ काय आत लपून बसलाय, बाहेर येईल?”

“हिने खाल्लं त्याला, मालनताई!”

“हिने? तू तिथेच उभा होतास, नित्या. हातात ट्रे घेऊन. जीभ कुणी काढली, कशी काढली, सगळं बघितलंस ना? मग आता लोखंडावर कशाला ओरडतोस? फोड सगळं. म्हणजे त्या बाईंना बघायला काही उरणारच नाही. शेठचं काम फुकटात होईल.”

नितेशच्या हातातली सब्बल खाली आली. त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण त्या जिभेवर बोट ठेवलं तर ते दादाच्या हातावर जात होतं. म्हणून तो माझ्यावर धावून आला. मला राग आला नाही, असं म्हणणार नाही. आला. पण त्याच्यावर नाही.

शेठ रतनच्या कानाशी लागून बोलत होते. मग रतन स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्या खाचेकडे वाकला.

“ए रतन! काय करतोयस?” नितेश ओरडला.

“काही नाही रे. साफ करतोय.”

“जीभ काढतोयस तू!”

शेठ पुढे आले. आवाज एकदम मऊ. “नितेश, बस इथे. पाणी पी. हे बघ, ती जीभ झाकणावर परत लावून टाकू. मशीनमध्येच बिघाड होता असं सांगू, विषय मिटेल. नाही तर बाई विचारतील, जीभ कुणी काढली? काय सांगशील? सुयोगने. मग पेपरात त्याचं नाव, त्याचीच चूक. तुझ्या आईला काय वाटेल? मी तुझ्या भावाला वाचवतोय रे.”

बघा, किती सोपं आहे. मशीनमध्ये बिघाड. माझ्यात बिघाड! मला फसवून चालायला लावलं, आणि आता माझ्याच माथ्यावर मारायचं. मला वीज असती तर मी त्या वेळी सगळा गाळा हलवला असता.

 नितेश माझ्या खाचेसमोर जमिनीवर मांडी घालून बसला, पाठ माझ्या पत्र्याला टेकवून. सब्बल आडवी मांडीवर.

“आता हिला कुणी हात लावायचा नाही,” तो म्हणाला. “रतन, तू पण नाही. शेठ, तुम्ही पण नाही.”

“अरे, पण शांती...” गुरुजी कोहळा हातात धरून उभे होते. “हा कापायचा की नाही?”

“द्या इकडे,” मालनताई म्हणाल्या, “मी भाजी करते.” आणि त्याही येऊन नितेशच्या शेजारी बसल्या. रतनने शेठकडे पाहिलं, स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं, आणि तो खिशात टाकून बाहेर जाऊन उभा राहिला. शेठनी फोन लावले, आवाज चढवला, एकदा पोलिसांचं नाव घेतलं. नितेश म्हणाला, “बोलवा. मला त्यांनाही दाखवायचंय.”

दुपारी बाई आल्या. साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, पायात बूट, हातात टॉर्च. नितेश बाजूला सरकला. त्या सरळ खाचेपाशी बसल्या, टॉर्च मारला. वर झाकणाकडे पाहिलं. स्क्रूंची दोन रिकामी भोकं पाहिली. मोबाइलवर फोटो काढले. मग उठून विचारलं, “ही जीभ झाकणावरून कुणी काढली?”

 शेठ नितेशकडे बघत होते, डोळ्यांनी “नाही” म्हणत.

  मालनताईंनी नितेशकडे बघितलंसुद्धा नाही.

“माझ्या दादाने काढली,” तो म्हणाला. “सुयोगने. त्याच्या स्वतःच्या हाताने. तीनदा स्विच मागून मिळाला नाही म्हणून. आणि हा माणूस,” त्याने शेठकडे बोट केलं, “हा इथे, ह्या लादीवर उभा होता. बघत होता. आणि म्हणाला, झकास. मी ऐकलं. माझ्या हातात ट्रे होता. मी पण काही बोललो नाही. लिहा सगळं. दादाचं नाव पण लिहा. फक्त त्याचं एकट्याचं लिहू नका.”

“मी पण होते,” मालनताई म्हणाल्या. “माझं नाव मालन. लिहा.”

बाहेरून रतनचा आवाज आला, “मी पण.”

बाईंनी लिहून घेतलं. मला सील केलं. माझ्या वीजपेटीवर आता लाखेचा शिक्का आहे. नितेश जाताना माझ्याजवळ आला. सब्बलने पडलेल्या खड्ड्यावर हात ठेवून उभा राहिला. सॉरी म्हणाला नाही. म्हणायची गरजही नव्हती.

तर मी आज अशी आहे. बंद. झाकणाला खड्डा पडलेली. अंगावर कोरडा रवा. पुढे माझं काय होईल मला माहीत नाही. भंगारात गेले तरी चालेल. पण विकली गेले आणि तुमच्या गाळ्यात आले, तर तुम्हाला आधीच सांगून ठेवते. मला झेंडू नको, कोहळा नको, नजर काढायची नाही. माझी जीभ झाकणावर ठेवा आणि खाच साफ ठेवा, मी तुमच्या एका बोटालाही धक्का लावणार नाही.

आणि झाकण उघडं असताना मी चालताना दिसले, तर मला शिव्या देत बसू नका. मला तसं कुणी चालवलं ते विचारा. तिथे उभं राहून कोण बघत होतं ते विचारा. आणि मोठ्याने विचारा. माझ्या घरघरीत हळू बोललेलं कुणालाच ऐकू जात नाही.